२८ की १२२? न्यूट्रिनोच्या वजनाचा हिशोब जिथे अडतो

"सर, मोजलंय एकदाच की. मग उत्तरं दोन कशी?"

सोलापुरात आमच्या कॉलेजात एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. जपानच्या कामिओका खाणीत चाललेल्या कामलँड-झेन या प्रयोगाची बातमी होती. २०२४ मध्ये जाहीर झालेला त्यांचा निष्कर्ष असा: न्यूट्रिनो या कणाचं वजन २८ ते १२२ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट या मर्यादेच्या खाली आहे. आता २८ च्या खाली की १२२ च्या खाली? तिचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर चादरी विणतात. ती म्हणाली, "पप्पांनी चादर साठ इंची सांगितली तर ती साठच भरते. साठ ते दोनशे साठ इंच सांगितलं तर गिऱ्हाईक दारात तरी उभं राहील का?"

तिचा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर पाच मिनिटांत संपत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. प्रयोगात काही गफलत नाही. ७४५ किलो झेनॉन वायू वापरून, वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून केलेलं ते काम आहे. आकडा पसरतो तो त्याच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे कागदावर आणि कॉम्प्युटरवर होणाऱ्या गणितात. त्या गणिताबद्दल बातम्यांत फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते ते प्रयोगाइतकंच महत्त्वाचं आहे.

(भौतिकशास्त्रात 'वस्तुमान' म्हणायला हवं. मी 'वजन' म्हणतोय, कारण घरात आपण तेच म्हणतो. आणि २८ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे किती? इलेक्ट्रॉनच्या वजनाचे सुमारे १ कोटी ८० लाख भाग केले, तर त्यातला एक.)

जोडीनं होणारा बदल

अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीनं बसलेले असतात. काही केंद्रकांत एखादा न्यूट्रॉन आपण होऊन प्रोटॉन बनतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. हा बीटा क्षय. त्यात थोडी ऊर्जा हरवल्यासारखी दिसायची. ती एखादा न दिसणारा कण घेऊन जात असावा, असं वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये सुचवलं. तोच न्यूट्रिनो. (बीटा क्षयात बाहेर पडतो त्याला काटेकोरपणे प्रतिन्यूट्रिनो म्हणतात. हा फरक पुढे कामाला येणार आहे.) प्रत्यक्षात तो सापडायला १९५६ साल उजाडलं.

आता जर्मेनियम-७६ हे केंद्रक घ्या. त्यात ३२ प्रोटॉन आणि ४४ न्यूट्रॉन आहेत, दोन्ही सम. केंद्रकात प्रोटॉन प्रोटॉनशी आणि न्यूट्रॉन न्यूट्रॉनशी जोडी जमवतात आणि जोडी जमली की ऊर्जा वाचते. एकच न्यूट्रॉन बदलला तर ३३ आणि ४३ उरतात, म्हणजे दोन्हीकडे एकेक कण एकटा पडतो. हे आर्सेनिक-७६. त्याला जर्मेनियमपेक्षा जास्त ऊर्जा लागते, म्हणून तिकडे जाताच येत नाही. दोन न्यूट्रॉन एकदम बदलले तर मात्र ३४ आणि ४२ असं सेलेनियम-७६ तयार होतं, जोड्या पुन्हा जमतात आणि ते जर्मेनियमपेक्षा स्वस्त पडतं.

सोलापूरहून एसटीनं पंढरपूरला निघालात आणि कंडक्टरनं सांगितलं, की मोहोळला उतरायचं तिकीट तुमच्या खिशातल्या पैशांपेक्षा महाग आहे, पंढरपूरचं मात्र परवडेल. मग मधे उतरायचा विषयच संपला, एका दमात पंढरपूर गाठायचं. केंद्रकाचं तसंच होतं. दोन न्यूट्रॉन एकदम, म्हणून हा दुहेरी बीटा क्षय. मारिया गोपर्ट-मायर यांनी त्याचा पहिला हिशोब १९३५ मध्ये मांडला. प्रयोगशाळेत तो थेट दिसला १९८७ मध्ये, सेलेनियम-८२ मध्ये. हिशोब आणि दर्शन यांत ५२ वर्षं गेली.

आणि न्यूट्रिनो बाहेरच आले नाहीत तर?

या दुहेरी क्षयात दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. १९३७ मध्ये एत्तोरे मायोराना यांनी एक वेगळी शक्यता मांडली: न्यूट्रिनोला विद्युतभार नाही, तर न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो एकच कण का नसावेत? ते धरून वेंडेल फरी यांनी १९३९ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. दोन्ही एकच असतील, तर एका न्यूट्रॉननं फेकलेला न्यूट्रिनो दुसरा न्यूट्रॉन केंद्रकाच्या आतच झेलेल. बाहेर येतील फक्त दोन इलेक्ट्रॉन.

असं झालं, तर विश्वाच्या हिशोबात दोन्ही बाजू आपोआप जुळल्या पाहिजेत या समजुतीला तडा जाईल. एरवी इलेक्ट्रॉनसारखा कण निर्माण झाला, की त्याची भरपाई करणारा प्रतिकण जोडीला येतो. इथे दोन कण नवे तयार झाले आणि भरपाई काहीच नाही. विश्वात पदार्थ शिल्लक का राहिला, प्रतिपदार्थाबरोबर सगळाच पुसून का गेला नाही, या प्रश्नाचा एक धागा इथे लागू शकतो. चाळीस वर्षं शिकवतोय, पण हा भाग वर्गात सांगताना अजून माझा आवाज बदलतो.

शिवाय ही आतल्या आत होणारी देवाणघेवाण न्यूट्रिनोच्या वजनावर अवलंबून असते. वजन शून्य असेल, तर ती या मार्गानं होणारच नाही. वजनदार असेल, तर जास्त वेळा होईल. म्हणजे हा क्षय दर किती वर्षांनी होतो ते कळलं, की वजन काढता येईल.

कल्हईतलं कथील

"पण सर, कोट्यवधी वर्षांत एकदा होणारी गोष्ट मोजायची कशी?"

अणू पुष्कळ घ्यायचे आणि वाट बघायची. माझ्या आईच्या पितळी पातेल्यांना कल्हई व्हायची. कल्हईवाला दारासमोर भाता लावायचा, पातेलं तापलं की नवसागराचा पांढरा धूर उठायचा, आणि कापसाच्या बोळ्यानं तो कथील असं फिरवायचा की काळपट बूड बघता बघता चांदीसारखं व्हायचं. त्या कथलात सुमारे ५.८ टक्के कथील-१२४ असतं, आणि तेही दुहेरी बीटा क्षयाचं उमेदवार आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ज्या प्रयोगाची तयारी सुरू झाली, तो कथलाचाच.

दहा ग्रॅम कल्हईत कथील-१२४ चे अणू किती? ३ वर २१ शून्यं. समजा, न्यूट्रिनोविना होणाऱ्या क्षयाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, १ वर २६ शून्यं इतकी वर्षं आहे. मग त्या पातेल्यात असा एक क्षय सरासरी ५० हजार वर्षांनी होईल. म्हणून पातेलं घेऊन बसत नाहीत, शेकडो किलो घेतात. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या गेर्डा प्रयोगानं जर्मेनियम-७६ वापरलं. तिथे दोन इलेक्ट्रॉनांची मिळून ऊर्जा नेमकी २०३९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरली, की समजायचं न्यूट्रिनो बाहेर पडले नाहीत. तसं एकदाही खात्रीनं दिसलं नाही. त्यावरून अर्धायुष्य १८ वर २५ शून्यं एवढ्या वर्षांपेक्षा जास्त आहे, असं त्यांनी २०२० मध्ये सांगितलं. कामलँड-झेननं झेनॉन-१३६ साठी दिलेला आकडा ३८ वर २५ शून्यं. आपल्या विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आहे, म्हणजे १३८ वर फक्त ८ शून्यं.

इथपर्यंतचं उत्तर एकच आहे, पसरट नाही.

वर्षांवरून वजनाकडे

क्षय किती वेगानं होतो, हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं. पहिली, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांना किती मोकळीक आहे. ही नीट काढता येते, तिच्याबद्दल वाद नाही. तिसरी, न्यूट्रिनोच्या वजनाचा वर्ग. (नेमकं सांगायचं तर तीन प्रकारच्या न्यूट्रिनोंच्या वजनांचं एक मिश्रण.) आणि मधली गोष्ट हीच सगळी अडचण आहे: मूळ केंद्रक आणि नवं केंद्रक एकमेकांशी किती जुळतात, त्या जुळणीचा वर्ग. शास्त्रज्ञ तिला 'न्यूक्लिअर मॅट्रिक्स एलिमेंट' म्हणतात, मी इथून पुढे जुळणी-अंक म्हणेन.

जुळणी-अंक मोजायला कुठलंही यंत्र नाही, तो गणितानंच काढावा लागतो. वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी काढला, तर झेनॉनसाठी सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान यांत चौपटीहून जास्त फरक पडला. मोठा धरला तर वजनाची मर्यादा २८ येते, लहान धरला तर १२२. बातमीतले दोन आकडे तिथून आले.

दोन धाग्यांचा प्रश्न

जुळणी म्हणजे काय, हे मला तिच्या वडिलांच्या मागाजवळ उभं राहून जास्त नीट सांगता आलं. त्या दिवशी बीमवरचे दोन उभे धागे तुटले होते आणि घाईत कुणीतरी पांढऱ्याच्या जागी लाल धागे जोडले होते. जॅकार्डच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या वरून खटखट सरकत होत्या, नमुना त्या ठरवत होत्या, पण चादरीच्या मोराच्या पिसाऱ्यातून एक बारीक लाल रेघ वीतभर खाली उतरली होती. कुणी दाखवेपर्यंत मला ती दिसली नव्हती. तिच्या वडिलांनी मात्र लांबूनच माग थांबवला होता.

आता असा प्रश्न विचारा: या चादरीतले दोन उभे धागे बदलले, तर ती दुसऱ्या एका ठरलेल्या नमुन्याच्या चादरीशी किती जुळेल? जितकी जास्त जुळेल तितका आकडा मोठा, मुळीच नाही तर शून्य. जर्मेनियममधले दोन न्यूट्रॉन काढून तिथे दोन प्रोटॉन ठेवले, तर जे तयार होईल ते खऱ्या सेलेनियमसारखं कितपत दिसेल? सारखं दिसत असेल तर क्षय सोपा, नसेल तर अवघड.

पण मागाचं उदाहरण इथे अपुरं पडतं. चादरीत दोन धागे बदलले तरी बाकीचे जागच्या जागी राहतात. केंद्रकात दोन बदलले, की उरलेले ७४ ही आपापली जागा सावरून घेतात. आणि केंद्रकाचा नमुना एकच नसतो. तो एकाच वेळी कोट्यवधी नमुन्यांचं मिश्रण असतो, काही अधिक चिन्हाचे, काही उणे. शेवटी उरते ती त्यांच्या वजाबाकीतून आलेली छोटी संख्या. मोठ्या जमा-खर्चातून छोटी शिल्लक काढताना एका नोंदीची चूकही केवढी महागात पडते, हे दुकान चालवणाऱ्याला सांगायला नको.

"मग एवढे मोठे कॉम्प्युटर कशाला आहेत?"

कोट्यवधी नमुने हा शब्द मी सहज वापरलेला नाही, मोजून दाखवतो. केंद्रक मजल्यांच्या वसतिगृहासारखं धरा. प्रत्येक मजल्यावर ठरावीक खाटा, एका खाटेवर एकच कण. याला शेल मॉडेल म्हणतात. ते उभं करणाऱ्यांत त्याच गोपर्ट-मायर होत्या आणि त्यासाठी त्यांना १९६३ चं नोबेल मिळालं.

जर्मेनियम-७६ साठी नेहमीची सोय अशी करतात: खालचे मजले २८ प्रोटॉन आणि २८ न्यूट्रॉन यांनी भरलेले, त्यांना कुलूप. वर प्रोटॉनांसाठी २२ खाटा आणि न्यूट्रॉनांसाठी २२. उरले ४ प्रोटॉन, त्यांना ७,३१५ प्रकारे झोपवता येतं. उरले १६ न्यूट्रॉन, त्यांना ७४,६१३ प्रकारे. गुणाकार ५४ कोटी ५७ लाख ९४ हजार ९५. प्रत्येक रचना दुसऱ्या कितीतरी रचनांशी बलानं जोडलेली. काही नियमांमुळे यातल्या पुष्कळ रचना गळतात आणि मोठ्या कॉम्प्युटरला एवढं झेपतंही.

पण हे खालच्या मजल्यांना कुलूप लावल्यावरचं. खरं तर खालचेही अधूनमधून वर येतात, आणि वर आणखी मजले आहेत. ते उघडले की रचनांची संख्या कुठल्याच कॉम्प्युटरच्या आवाक्यात राहत नाही. म्हणून प्रत्येक गट काहीतरी सोडून देतो. कुणी मजले थोडे घेतो, पण त्यांवरच्या सगळ्या रचना तपासतो. कुणी मजले भरपूर घेतो, पण साध्याच रचना धरतो. पहिल्या वाटेनं जुळणी-अंक सहसा लहान येतो. केंद्रकाच्या एकंदर आकारावर भर देणाऱ्या पद्धतीत तो मोठा येतो. जर्मेनियमसाठी या जुन्या पद्धतींची उत्तरं साधारण तीन ते सहा अशी विखुरली आहेत.

"दोन न्यूट्रिनोवाला क्षय मोजलाय ना? त्यावरून काढा की"

मला हा प्रश्न फार आवडला, कारण पहिल्यांदा ऐकताना तो बिनतोड वाटतो. तीच दोन केंद्रकं, तेच दोन न्यूट्रॉन. मग तिथली जुळणी इथे का नाही चालत?

दोन्ही क्षयांत मधला प्रवास वेगळा आहे. न्यूट्रिनो बाहेर पडतात तेव्हा केंद्रकाला बसणारा धक्का किरकोळ असतो आणि मधल्या आर्सेनिकच्या मोजक्याच अवस्था कामाला येतात. न्यूट्रिनो आतल्या आत फेकला-झेलला जातो, तेव्हा तो अतिशय अरुंद जागेत अडकलेला असतो. क्वांटम नियमानं जागा जितकी अरुंद, तितका धक्का मोठा. इथे तो कितीतरी पटींनी मोठा असतो आणि मधल्या सगळ्याच अवस्था जाग्या होतात. पंढरपूरला पोचलेले दोघे प्रवासी शेवटी एकाच चौकात भेटतात, म्हणून एकाच्या वाटेवरचे खड्डे दुसऱ्याला लागले असं होत नाही. मोजलेल्या क्षयाचा उपयोग होतो तो पद्धत तपासायला: जो तिथेच चुकतो, त्याच्यावर इथे भरवसा कसा ठेवायचा?

"सगळ्यांची सरासरी घ्या, संपला विषय"

सगळ्यांनी एकाच आखूड टेपनं मापं घेतली असतील, तर सरासरीही आखूडच येणार. या क्षेत्रात हे खरोखर घडलेलं आहे. साध्या बीटा क्षयाचे दरही गणितात मोजणीपेक्षा जास्त यायचे, म्हणून वर्षानुवर्षं सगळे त्यातल्या एका आकड्याला सुमारे ०.७५ नं गुणून उत्तर जुळवून घेत. कारण माहीत नव्हतं. न्यूट्रिनोविना होणाऱ्या क्षयाच्या दरात तो आकडा चौथ्या घातात येतो. ०.७५ चा चौथा घात जेमतेम ०.३२. म्हणजे ही काटछाट इथेही लावायची की नाही, एवढ्यावरच अपेक्षित घटना एक-तृतीयांश होतात.

२०१९ मध्ये यातली गाठ बऱ्याच अंशी सुटली. कण एकेकटे न धरता, जोडीनं आणि तिघांनी एकमेकांवर टाकलेली बलं पहिल्यापासून हिशोबात घेतली, तर ते जास्तीचं बरंचसं आपोआप नाहीसं होतं. तपासायला घेतलेल्या केंद्रकांत कथील-१०० होतं. आईच्या पातेल्यांचं कथील मला पुन्हा इथे भेटलं.

तोवर दुसरीकडे नवी गाठ पडली होती. दोन न्यूट्रॉन अगदी एकमेकांना चिकटून असताना होणाऱ्या देवाणघेवाणीचं एक पद जुन्या सगळ्या हिशोबांतून सुटलं होतं, असं २०१८ मध्ये लक्षात आलं. कॅल्शियम-४८ साठी ते धरल्यावर जुळणी-अंक सुमारे ४३ टक्क्यांनी वाढला. इतके सारे गट इतकी वर्षं हिशोब करत होते आणि सगळ्यांच्याच वहीत ती ओळ नव्हती. सरासरीनं ती कधी सापडली असती?

आता मूळ बलांपासून सुरुवात करून, ठोकताळे न लावता वर चढत जायची पद्धत जर्मेनियमपर्यंत पोचली आहे. २०२४ मध्ये अशा एका हिशोबानं जर्मेनियम-७६ चा जुळणी-अंक २.६ च्या आसपास दिला. त्याला साधारण १.२ ते ३.९ अशी अनिश्चितता सोबत जोडलेली आहे. काहींना हे मागे जाणं वाटलं. मला ही मोठी प्रगती वाटते. पूर्वीचे आकडे नुसते यायचे, कितपत चुकू शकतात हे कुणी सांगू शकत नव्हतं.

"कुठलाही एक आकडा धरला, तर बिघडतं काय?"

तीन न्यूट्रिनोंच्या वजनांचा क्रम अजून पक्का कळलेला नाही. तो उलटा असेल, म्हणजे दोन जड आणि एक हलका, तर या क्षयातलं वजन साधारण १८ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली जाऊच शकत नाही. हे न्यूट्रिनो स्वतःचा प्रतिकण असला तरच. आता बातमीकडे परत या. मर्यादा २८ असेल, तर आपण त्या ओळीच्या अगदी दारात आहोत. १२२ असेल, तर वजन अजून जवळपास सात पट खाली जायचं आहे, आणि वेग वजनाच्या वर्गानं बदलतो म्हणून अर्धायुष्य ४५ पटींहून जास्त गाठावं लागेल.

पुढच्या पिढीचा लेजंड-१००० हा प्रयोग एक हजार किलो जर्मेनियम घेऊन १ वर २८ शून्यं एवढ्या वर्षांपर्यंत जाण्यासाठी आखलेला आहे. अर्धायुष्य तेवढंच निघालं, तर एवढ्या जर्मेनियममध्ये दोन वर्षांत जेमतेम एक क्षय. साध्या जर्मेनियममध्ये ७६ चं प्रमाण ८ टक्क्यांच्या आत असतं, बाकीचं गाळून काढणं प्रचंड खर्चाचं. किती किलो घ्यायचं, किती वर्षं बसायचं, जर्मेनियम घ्यायचं की झेनॉन, यातला प्रत्येक निर्णय जुळणी-अंकावर येऊन टेकतो. उद्या कुठे तो क्षय खरंच दिसला, तरी त्याच रात्री पुढचा प्रश्न येईल: वजन किती? तेव्हा उत्तर पुन्हा 'अमुक ते त्याच्या चौपट' असं द्यावं लागू नये.

ही सगळी उत्तरं ऐकून तिनं विचारलं, "मग यातलं काही इथे बसून करता येतं का?" खाण इथे नाही. पण गणिताला खाण लागत नाही. शेल मॉडेलचे प्रोग्राम मोफत मिळतात. मी तिला सगळ्यांत हलका उमेदवार दिला, कॅल्शियम-४८. वरच्या मजल्यावर २० खाटा, ८ न्यूट्रॉन, १,२५,९७० रचना. प्रयोगशाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरनं ते उरकलं. पद्धत तपासायला पहिली उत्तेजित अवस्था घेतली, म्हणजे केंद्रक डिवचलं की ते चढतं ती पहिली पायरी. तिची मोजलेली ऊर्जा ३.८३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, मुलीचं उत्तर थोडं बाजूला पडलं. मग तिनं त्याच क्षयातलं दुसरं टोक लावलं, टायटॅनियम-४८: २ प्रोटॉन, ६ न्यूट्रॉन, ७३,६४,४०० रचना. मी चहा घेऊन परत आलो तेव्हा पडद्यावर तिचा आकडा आला होता. वहीत तिनं शेजारी याच्या पहिल्या पायरीचा मोजलेला आकडा, ०.९८, लिहिला होता, दोन्हींतला फरक काढला होता आणि त्याभोवती लाल पेनानं गोल केला होता. "सर," ती म्हणाली, "हा फरक कुठल्या मजल्याला कुलूप लावल्यामुळे आला, ते शोधायचंय."